कळ, काळ आणि काल : संगणकाच्या सहवासात वाढलेली हैदराबादची मराठी

प्रास्ताविक

संगणक आणि मराठी या विषयावर आपल्याकडे जे लेखन होते ते बहुधा दोन अंगांनी होते. पहिले अंग परिभाषेचे : माऊसला काय म्हणावे, फाईलला कोणता शब्द योजावा. दुसरे तंत्राचे : कोणता फॉन्ट घ्यावा, कोणते सॉफ्टवेअर वापरावे. दोन्हींची गरज आहेच. पण संगणक आपल्या घरांत आला तो केवळ साधन म्हणून आला नाही. घरातल्या मुलांचा तो सोबती झाला. मुले त्याच्याशी खेळली, त्याच्यावर चित्रे काढली, पहिली पत्रे लिहिली, परीक्षेच्या दिवसांत त्याच्यासमोर रात्री जागली. सोबत्याची भाषा मुलांना लागते हे आपण नेहमी पाहतो. हैदराबादेत तर विशेषच. गल्लीत खेळता खेळता आपली मुले तेलुगू आणि दखनी कधी बोलू लागली हे आईवडिलांच्या ध्यानातही येत नाही. मग या नव्या सोबत्याची भाषा कोणती होती, आणि ती आपल्या मुलांना कशी लागली, हा प्रश्न मराठीच्या शिक्षकाने विचारायला हवा.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. हैदराबादच्या मराठी घरांत संगणक आला तेव्हा त्याला देवनागरी येत नव्हती. पुढे तो देवनागरी शिकला. पण तोवर मुलांच्या बोटांना रोमन लिपीची सवय लागून गेली होती. म्हणजे आज जी अडचण आपण यंत्राची समजतो ती प्रत्यक्षात सवयीची आहे. आणि सवय हा शिक्षणाचा विषय आहे, तंत्रज्ञांचा नव्हे. तीसेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवताना जे पाहिले त्याच्या आधारे ही मांडणी करीत आहे.

१. शहर आणि यंत्र

हैदराबादचे संगणकाशी नाते हायटेक सिटीपासून सुरू होते असा तरुणांचा समज असतो. ते त्याहून तीस वर्षे जुने आहे. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही केंद्र सरकारची कंपनी १९६७ साली येथे स्थापन झाली. भारतात रचना होऊन विक्रीसाठी तयार झालेला पहिला संगणक, टीडीसी-१२, याच कंपनीने १९६९ मध्ये बनवला. आज शहरातील एका मोठ्या चौकाला आणि बसच्या थांब्याला लोक 'ईसीआयएल' म्हणतात ते या कंपनीमुळे. तिथे नोकरी करणारी मराठी कुटुंबेही होती. पण तो संगणक कचेरीतला होता. त्याच्याशी मुलांचा संबंध येण्याचा प्रश्न नव्हता.

मुलांचा संबंध आला तो ऐंशीच्या दशकात. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि 'संगणक ही एका माणसाची वस्तू असू शकते' ही कल्पना रुजली. आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील आणि उत्पादनावरील बंधने सैल केली. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो ही छोटी यंत्रे पोहोचली. १९९८ हे वर्ष शहराच्या दृष्टीने निर्णायक ठरले. सायबर टॉवर्स उभे राहिले, ट्रिपल आयटी ही संस्था सुरू झाली आणि मायक्रोसॉफ्टने आपले विकास केंद्र येथे उघडले. अमीरपेठेच्या गल्ल्या प्रशिक्षण वर्गांच्या फलकांनी भरून गेल्या. सी, जावा, ओरॅकल शिकायला नांदेड, लातूर, उदगीरकडची मुलेही तिथे खोल्या करून राहू लागली. निजामाच्या काळात मराठवाड्यातला विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठात शिकायला येत असे. त्याच वाटेने त्याची नातवंडे आता संगणक शिकायला येत होती.

दोन्ही वेळी त्याला एक परकी शिक्षणभाषा स्वीकारावी लागली. आजोबांची भाषा उर्दू होती, नातवाची इंग्रजी. फरक एवढाच की आजोबांनी वर्गात उर्दूत टिपणे घेतली तरी घरी पत्र मोडीत किंवा बाळबोधीत लिहिले. नातवाचे तसे झाले नाही. त्याचा वर्ग आणि त्याचे घरचे पत्र एकाच यंत्रावर आले.

२. बाहेरच्या खोलीतला सोबती

नव्वदच्या दशकात मराठी मध्यमवर्गीय घरात संगणक आला की त्याची जागा बाहेरच्या खोलीत असे. त्यावर शिवलेले आच्छादन, खाली युपीएस, बाजूला फ्लॉपींचा डबा. खंडेनवमीला आयुधपूजेत इतर हत्यारांबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळे. दोन भावंडांत वेळ वाटून दिलेला असे आणि वीज गेली की ज्याची पाळी चालू त्याचा आरडाओरडा होई. सुटे भाग हवे असले तर सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये जायचे, जुनी संगणकाची पुस्तके हवी असली तर रविवारी आबिड्सच्या पदपथावर. आमच्या घरीही हाच क्रम होता.

त्या यंत्राची अडचण त्याच्या मुळातच होती. त्या काळच्या संगणकांत अक्षरांसाठी जी सांकेतिक व्यवस्था सर्वत्र चालत होती, ती 'आस्की', तीत एकंदर १२८ जागा होत्या. त्यांपैकी छापता येतील अशा ९५. लहानमोठी मिळून बावन्न रोमन अक्षरे, दहा अंक, विरामचिन्हे आणि मोकळी जागा एवढ्यात ती यादी संपत होती. ती अमेरिकेत इंग्रजीसाठी तयार झाली होती. त्यामुळे मूल संगणकासमोर बसून पहिली गोष्ट करी ती म्हणजे स्वतःचे नाव टंकित करणे, आणि ते नाव रोमन लिपीत उमटे. पाटीवर 'श्री' काढून अक्षरओळख झालेल्या मुलाची यंत्राशी पहिली ओळख अशी झाली. पाटी आणि यंत्र या दोन वेगळ्या दुनिया आहेत, एकीत मराठी असते आणि दुसरीत नसते, ही समजूत कोणी न शिकवता तयार झाली.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. याच शहरात उर्दू दैनिके नव्वदच्या दशकापर्यंत कातिबांच्या हाताने लिहिली जात. नस्तालीक लिपीचे तिरपे वळण यंत्राला पेलत नव्हते. ज्या दिवशी ते पेलणारे सॉफ्टवेअर आले त्या दिवसापासून कातिबांचे काम गेले. पण उर्दू वाचकाच्या हाती रोज सकाळी पडणारी लिपी बदलली नाही. मराठीच्या बाबतीत छापखाना देवनागरीतच राहिला. बदलले ते घरातले, मुलांच्या हातचे लेखन. त्याची दखल कुणी घेतली नाही, कारण घरातले लेखन कुठल्याही अहवालात येत नाही.

३. चित्र की अक्षर

देवनागरी संगणकात आणण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते, आणि ते दोन वेगळ्या वाटांनी झाले. या दोन वाटांतला भेद भाषेच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे.

पहिली वाट अक्षराला संकेत देण्याची. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकात यावर काम झाले. पुढे पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' नावाचे कार्ड काढले. ते संगणकात बसवले की पडद्यावर भारतीय लिपी उमटत. यामागची सांकेतिक व्यवस्था म्हणजे 'इस्की'. तिचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले. इस्कीची कल्पना आपल्या बाराखडीवर उभी आहे. देवनागरी, तेलुगू, कन्नड, बंगाली या लिप्या ब्राह्मीच्या लेकी. त्यांचा वर्णक्रम एकच. मग 'क' साठी एकच संकेत ठेवायचा आणि तो कोणत्या लिपीत दाखवायचा हे नंतर ठरवायचे. तेलुगूत लिहिलेला मजकूर आज्ञा देताच देवनागरी अक्षरांत दिसे. तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही अशी हैदराबादेतील कितीतरी मराठी माणसे आहेत. त्यांच्यासाठी ही सोय केवढी होती हे वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट चित्राची. तिच्यात संगणकाला देवनागरी कळतच नाही. त्याच्या लेखी तो रोमन अक्षरेच साठवत असतो. फक्त फॉन्टमध्ये त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे रेखाटून ठेवलेले असतात. कुठे 'क'चा उभा दंड, कुठे मात्रा, कुठे रफार. मुद्रकाच्या दृष्टीने ही वाट सोपी आणि स्वस्त होती. कागदावर सुरेख मराठी उमटत होती. नव्वदच्या दशकातील बहुतेक मराठी मजकूर, दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका, प्रबंध, असाच तयार झाला.

दोन्हींतला फरक कागदावर दिसत नाही, फाईल उघडल्यावर दिसतो. चित्राच्या वाटेने लिहिलेल्या फाईलीत शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे यादी लावता येत नाही, आणि तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीवर बेतला होता. पण सामान्य माणसाच्या घरातल्या संगणकाला तो कळायला आणखी काही वर्षे लागली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि तिच्यासोबत 'मंगल' हा फॉन्ट आला. त्याचे रेखाटन र. कृ. जोशी यांचे. ते सुलेखनकार होते आणि मराठी कवीही. आज देशभरच्या कचेऱ्यांत हिंदीचा कारभार ज्या फॉन्टात चालतो तो एका मराठी कवीच्या हातचा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगावे.

४. अलीकडची मोडी

चित्राच्या वाटेचा परिणाम काय झाला याचे उदाहरण आपल्याच शहरातले देते. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. पोलीस कारवाईच्या आधीचे हैदराबाद, मराठी शाळा, ग्रंथालयातले वाद, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा वेगळा झाल्यावर येथे राहून गेलेल्या कुटुंबांचे मन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मुलीने घरच्या संगणकावर त्या टंकित केल्या आणि हस्तलिखित वह्या यथावकाश रद्दीत गेल्या. पंधरा-वीस वर्षांनी ती फाईल माझ्याकडे आली तेव्हा तो फॉन्ट कोणत्याच यंत्रावर चालत नव्हता. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे वापरली. बराच मजकूर हाती आला, पण जोडाक्षरे तुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर बसलेला, काही नावे ओळखू न येणारी. नावे चुकली तर आठवणींचे संदर्भमूल्य कमी होते. मूळ वह्या नसल्यामुळे ताडून पाहायला काही उरले नव्हते.

मोडीच्या बाबतीत हेच झाले होते. मोडी ही बोरूची लिपी, हात न उचलता भरभर लिहिण्याची. विल्यम कॅरी यांच्या छापखान्यात मोडीचे खिळेही तयार झाले होते. पण छपाईने आणि शालेय पुस्तकांनी बाळबोधीचा आधार घेतला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून गेली. आज दप्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत आणि वाचणारे मोजके. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. म्हणजे साधन बदलले की जुन्या साधनातले लेखन वाचण्याची वाट बंद होते, हा अनुभव मराठीला नवा नाही. नवे आहे ते त्याचा वेग. मोडी दुर्बोध व्हायला दोन पिढ्या लागल्या. नव्वदच्या दशकातल्या फाईली एका पिढीच्या आतच दुर्बोध झाल्या, आणि ज्यांनी त्या टंकित केल्या ती माणसे अजून आपल्यात आहेत.

५. मराठीच्या खास गरजा

युनिकोड आले म्हणून मराठीचे सर्व प्रश्न सुटले असे नाही. देवनागरी ही मराठीची एकटीची लिपी नव्हे. व्यवस्था ठरवताना डोळ्यांसमोर मुख्यतः हिंदी होती आणि मराठीच्या गरजा मागून भरल्या गेल्या.

पहिली गरज 'ऱ'ची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. 'आचार्यांना' बोलावले तर विद्वान येतील, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाकी. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीला तो पानोपानी लागतो, कारण 'वाचणारा'चे सामान्यरूप 'वाचणाऱ्या', 'दुसरा'चे 'दुसऱ्या', 'दसरा'चे 'दसऱ्या'. शिवाय वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा हे शब्द आहेतच. युनिकोडमध्ये 'ऱ'ला स्वतंत्र संकेत आहे. तो घेऊन पुढे हलन्त आणि व्यंजन दिले की आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र मिळतो. पण साध्या 'र'पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही तेच रूप पडद्यावर दिसते. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. त्यामुळे एकाच लेखात एक 'दुसऱ्या' शोधात सापडतो आणि दुसरा सापडत नाही.

दुसरी गरज 'ॲ'ची. ॲड, ॲसिड, ॲलर्जी हे शब्द आपण रोज लिहितो. या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. तोवर कुणी हिंदी वळणाचे 'ऍ' लिहिले, कुणी 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवले. आजही तिन्ही पद्धती चालू आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित केली तेव्हा तीत 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वर घेतले आणि 'ल' व 'श' यांची मराठी वळणे सांगितली. हैदराबादच्या शिक्षकांनी हा निर्णय आपल्याकडेही वर्गात लावून घ्यायला हरकत नाही. आपण महाराष्ट्राबाहेर असलो तरी वर्णमाला एकच आहे.

६. के, ए, एल

आता बोटांकडे येऊ. यंत्र देवनागरी शिकले तेव्हा आपल्या मुलांचे रोमन टंकलेखन पक्के झाले होते. मग त्यांच्या सोयीसाठी उच्चारानुसारी साधने आली : रोमन कळा दाबायच्या, यंत्राने देवनागरी उमटवायची. या साधनांनी मोठे काम केले. त्यांच्यामुळे कितीतरी माणसे मराठीत लिहू लागली; १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारखा लोकांनी लिहिलेला कोश वाढला त्यालाही त्यांचा हातभार आहे. पुढे फोन आले, आणि २०१७ पासून गुगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिण्याचीही सोय झाली.

पण रोमनमधून मराठीकडे जाताना वाटेत काय गळते, ते पाहावे. के, ए, एल ही तीन अक्षरे घ्या. त्यांतून 'काल' निघतो, 'काळ' निघतो, 'कळ' निघते आणि 'कल'ही. चार शब्द, चार अर्थ. कोणता हवा हे यंत्र अंदाजाने सुचवते आणि लिहिणारा पहिला पर्याय उचलतो. उत्तरपत्रिकांत 'मध्ययुगीन काल' आणि 'लोकांचा काळ कुठे आहे' अशी वाक्ये येतात त्यांचा उगम पुष्कळदा येथे असतो. ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ हे मराठीचे भेद रोमन कळांवर वेगळे पडत नाहीत. जो भेद बोट करीत नाही तो हळूहळू डोळाही करीनासा होतो.

हैदराबादेत याला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रातील मुलाला रस्त्यावरची पाटी, बसवरचे गाव, दुकानाचे नाव यांतून रोज देवनागरी मराठी दिसते. त्याच्या बोटांनी ळ सोडला तरी डोळ्यांना तो भेटत राहतो. आमच्या विद्यार्थ्याच्या पाट्या तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत. देवनागरी भेटते ती हिंदीची, जिला ळ नाही. मराठी त्याच्या कानावर घरी पडते आणि डोळ्यांसमोर पडद्यावर येते. त्या पडद्यावरही ती रोमनमध्ये आली तर लिखित मराठीशी त्याची गाठ पडायची जागाच उरत नाही. आजीला रोज मराठीत निरोप पाठवणारी, उत्तम मराठी बोलणारी विद्यार्थिनी एक परिच्छेद देवनागरीत लिहिताना अडखळते, याचे कारण तिचे मराठी कच्चे आहे हे नव्हे. तिची मराठी एका लिपीत वाढली आणि परीक्षा दुसऱ्या लिपीत होते.

७. कळफलकातले व्याकरण

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. ऐंशीच्या दशकातच भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण म्हणून ठरवला. तो आज प्रत्येक संगणकात फुकट उपलब्ध आहे, फोनवरही घेता येतो. लोक त्याला अवघड समजतात, कारण रोमन अक्षरांच्या जागांशी त्याचा संबंध नाही. पण ज्याला बाराखडी येते त्याला त्याची रचना पाहताक्षणी ओळखीची वाटेल.

डाव्या हाताकडे मुख्यतः स्वर, उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजने. डावीकडे मधल्या ओळीत ऱ्हस्व इकार, त्याच्या वर दीर्घ ईकार. मधल्या ओळीत ऱ्हस्व उकार, वर दीर्घ ऊकार. मधल्या ओळीत एक मात्रा, वर दोन मात्रा. म्हणजे ऱ्हस्वदीर्घ हा भेद बोटाच्या हालचालीत बसवलेला आहे. उजवीकडे मधल्या ओळीत प, क, त, च, ट ही वर्गांतील पहिली व्यंजने आणि नेमकी त्यांच्या वर ब, ग, द, ज, ड ही तिसरी. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की महाप्राण : क चा ख, ग चा घ, त चा थ. ल सोबत शिफ्ट घेतले की ळ, र सोबत घेतले की ऱ, स सोबत घेतले की श. अघोष आणि घोष, अल्पप्राण आणि महाप्राण या संज्ञा आपण फळ्यावर लिहून देतो. येथे त्या हाताखाली आहेत.

जोडाक्षरांचेही तसेच. 'विद्यार्थी' लिहायचे तर व, इकार, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, ईकार अशा दहा कळा दाबाव्या लागतात. हा जवळजवळ वर्णविग्रहच आहे. पेनाने लिहिताना वेलांटी आधी काढतो, येथे ती व्यंजनानंतर येते, कारण उच्चारात स्वर नंतर येतो. रफार पेनाने शेवटी देतो, येथे तो त्याच्या खऱ्या जागी, थ च्या आधी येतो. रफार म्हणजे आधीचा अर्धा र, ही गोष्ट कितीही सांगून न समजलेला विद्यार्थी हा शब्द दोनदा टंकित केला की समजतो.

आणि आपल्या शहरासाठी महत्त्वाची बाब अशी की हा कळफलक सर्व भारतीय लिप्यांना जवळपास एकच आहे. ज्या कळेवर मराठीचा क, त्याच कळेवर तेलुगूचा क. जिथे आपला ळ तिथेच तेलुगूचाही. आपल्या मुलांना शाळेत तेलुगू शिकावीच लागते. एकदा हात बसला की दोन्ही भाषांचे टंकलेखन साधते.

भाषाभाषांतील या जवळिकीचा विचार याच शहरात पुढे गेला आहे. हैदराबाद विद्यापीठात नव्वदच्या दशकात 'अनुसारक' प्रकल्पाचे काम झाले. तेलुगू, कन्नड, मराठी अशा भाषांतील मजकूर हिंदी वाचकाला समजेल अशा रूपात देणे हा त्याचा हेतू होता. ते काम पुढे ट्रिपल आयटीत वाढले. अशा प्रकल्पांना शुद्ध, संकेतबद्ध मराठी मजकूर लागतो. तो आपल्यासारख्यांच्या लेखनातूनच येणार.

८. वर्गासाठी पाठ

गेली काही वर्षे मी पदवीच्या पहिल्या वर्षाला पुढील सराव देते. संगणक कक्ष नसेल तर फोनवरही तो होतो. शिक्षक मित्रांनी आपल्या गरजेनुसार त्यात फेरफार करावेत.

पहिला तास : फळ्यावर कळफलकाचा नकाशा काढावा, रोमन अक्षरांशिवाय. विद्यार्थ्यांनी त्यात वर्ग शोधावेत. बहुतेकांना क-ख-ग-घ चा चौकोन आपण होऊन सापडतो.

दुसरा तास : जोड्या द्याव्यात. काल-काळ, मूल-मूळ, पाणी-पाने, दर्या-दऱ्या, आचार्यांना-आचाऱ्यांना. प्रत्येक शब्द आधी रोमन साधनाने, मग इन्स्क्रिप्टने लिहावा. कोणत्या वेळी निवड यंत्राने केली आणि कोणत्या वेळी आपण केली, हे विद्यार्थ्याने वहीत नोंदवावे.

तिसरा तास : एक परिच्छेद श्रुतलेखन. अर्ध्या वर्गाने बोलून टंकलेखन करावे, अर्ध्याने हाताने. मग वह्यांप्रमाणे फोन बदलून तपासावेत. यंत्राने ऐकलेली घरची हैदराबादी मराठी कशी उमटते, हे पाहताना बोली आणि प्रमाणभाषा यांवरचा व्याख्यानाचा विषय हाती येतो. त्यात कुणाच्याही बोलीचे हसे होणार नाही याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

चौथे काम घरचे : आपल्या घरी किंवा नातेवाइकांकडे २००५ पूर्वीची एखादी मराठी फाईल आहे का ते विचारावे. असेल तर फॉन्टचे नाव लिहून घ्यावे, रूपांतर करावे, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्याकडून किंवा त्यांच्या घरच्यांकडून नावे व तारखा तपासून घ्याव्यात. या कामाला वेळ थोडा आहे. फाईल टिकली तरी ती तपासून देणारी माणसे कायम राहणार नाहीत.

समारोप

पर्सनल कॉम्प्युटरबरोबर वाढलेल्या पहिल्या पिढीला मराठी सोडायची नव्हती. तिला सोबत्याशी बोलायचे होते आणि सोबत्याला मराठी लिहिता येत नव्हती, म्हणून तिने रोमन घेतली. त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. आता सोबत्याला मराठी येते. ऱ येतो, ॲ येतो, ळ येतो, एवढेच नव्हे तर मोडीही येते. पण ही पिढी आता आईबाप झाली आहे आणि तिच्या बोटांची सवय मुलांकडे जाते आहे. पाटी गेली, वही कमी झाली. अक्षर गिरवण्याची जागा कळफलकाने घेतली. मग बाराखडी जशी आपण घरी कुणी शिकवील यावर न सोडता शाळेत शिकवली, तसाच देवनागरी कळफलकही शाळेच्या तिसरी-चौथीत, बाराखडीच्या लगोलग शिकवला पाहिजे. त्यासाठी निधी लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. आठवड्याला एक तास आणि तो घ्यायला तयार असलेला मराठीचा शिक्षक लागतो. हैदराबादच्या मराठी शाळांनी आणि महाविद्यालयांनी येत्या वर्षापासून एवढा एक तास वेळापत्रकात घालावा, अशी विनंती आहे.